डबा साखळीतील आमच्या ओळीपुढचे 'कौटुंबिक' हे कारण बदलण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष (श्री. मनोहर उकिडवे),
सहाय्य समिती, सप्तपर्ण मराठी मंडळ,
कॅरी, नॉर्थ कॅरोलायना.

विषय : डबा साखळीच्या यादीत आमच्या घरापुढे लिहिलेले कारण बदलून तसे सर्व सभासदांना कळवण्याबाबत.
संदर्भ : समितीची दि. २४ ऑक्टोबरची ई-मेल, ओळ क्र. ११.

महोदय,

तक्रार लेखी आणि मराठीत असेल तरच समिती ती विचारात घेते, असे यादी सांभाळणाऱ्या रत्नाकाकूंनी सांगितले, म्हणून हा अर्ज. एरवी मनोहरकाका म्हणून तुम्हाला सरळ फोन केला असता. पण गेल्या दहा दिवसांत फोनवर कोणाशी काय बोलावे याचा मला भरवसा राहिलेला नाही.

१. मी, सौ. आश्लेषा देवांग खांबेटे, वय ३२, येथील विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य या विषयात एम.एस. करते. मुलगी रुही सात वर्षांची, दुसरीत. विद्यापीठातर्फे काही विद्यार्थ्यांना एक सत्र इंग्लंडमधल्या लीड्स शहरात शिकायला पाठवतात. त्यासाठी मी ऑगस्टमध्ये अर्ज केला. घरी सांगितले नाही, कारण निवड होईल असे वाटले नव्हते. १३ ऑक्टोबरला निवड झाल्याची मेल आली. तेही सांगितले नाही, कारण जाईन असे वाटत नव्हते. होकार किंवा नकार कळवण्याची मुदत शुक्रवार, ७ नोव्हेंबर, सायंकाळी पाचपर्यंत आहे.

२. असे असताना २४ तारखेला मंडळाची यादी सर्वांना आली, तशी मलाही आली. बाळंतीण, ऑपरेशन झालेले माणूस किंवा कोणी गेलेले घर, अशा ठिकाणी सभासदांनी आळीपाळीने डबा पोचवायचा ही योजना उत्तमच आहे. रुहीच्या वेळी मीही ते डबे खाल्ले आहेत. पण ओळ अकरामध्ये लिहिले होते : खांबेटे. सोमवार ते शुक्रवार, १९ जानेवारी ते ५ जून. जेवणारी माणसे दोन. कारण : कौटुंबिक.

हे माझ्या लीड्सच्या सत्राचे तंतोतंत दिवस आहेत. आमच्या घरात माणसे तीन आहेत. तिसरे माणूस कुठे असणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते, आणि मी तर कोणाजवळ अवाक्षरही काढले नव्हते.

३. 'कौटुंबिक' हे कारण यादीत यापूर्वी एकदाच, दोन वर्षांपूर्वी आले होते. त्या घराची आता दोन घरे झाली आहेत. नाव लिहीत नाही, आपणास माहीत आहे. सर्वांनाच माहीत आहे, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

४. दुसऱ्याच दिवशी दिवाळीचा कार्यक्रम होता. वाढपात माझे नाव असूनही मला लाडवांच्या ताटाला हात लावू दिला नाही. "तू बस गं जरा," असे एक नव्हे, तीन जणींनी सांगितले. प्रीता एरवी मुलांच्या स्विमिंगखेरीज माझ्याशी काही बोलत नाही. तिने पाठीवरून हात फिरवला आणि विचारले, "थंडीचे बूट आहेत ना गं तुझ्याकडे?" कॅरीत, ऑक्टोबरमध्ये. मी 'आहेत' म्हटले आणि घरी येऊन लिहून ठेवले.

दोन दिवसांत आमच्या ओळीतले मार्चपर्यंतचे सगळे वार भरले. इतकी तत्परता मी या मंडळात कधी पाहिलेली नाही. त्यात गणपतीपासून आमचे इडलीपात्र परत न केलेले कुटुंबही आहे. एका भगिनीने खाली विचारले आहे, "देवांगला तिखट चालतं का? आता विचारायला हवं." यातल्या 'आता' या शब्दाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छिते.

दि. २७ रोजी महिलांच्या ग्रुपवर लीड्स शहराच्या माहितीचे पान कोणीतरी टाकले. विद्यार्थ्यांचे चैतन्यमय शहर, गाण्याच्या जागा, कालव्याकाठची खाण्याची ठिकाणे, घोळक्याने हसत जाणारी मुले-मुली. त्याखाली एकीने लिहिले, "मज्जा आहे बुवा एकेकीची!" दुसरीने, "आपण लग्नाआधी जायला हवं होतं यार." दहा मिनिटांत दोन्ही मेसेज डिलीट झाले. माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे. साधे कौतुक असेल तर कोणी पुसून टाकत नाही, असे माझे मत आहे.

५. इथवर मी गप्प राहिले असते. परंतु रविवारी, २ नोव्हेंबरला, मराठी शाळेतून परत येताना रुहीने मागच्या सीटवरून विचारले, "आई, व्हिच हाऊस विल बी माइन?"

मी म्हटले, "आपलं एकच घर आहे, बाळा."

ती मला समजावत म्हणाली, "इट्स ओके. अनय सेड यू गेट टू बेडरूम्स."

मी गाडी पेट्रोल पंपाशी बाजूला घेतली. पुढचे या अर्जात लिहिण्याची आवश्यकता नाही.

६. तोपर्यंत माझा संशय मंडळावर होता. त्या दिवसापासून तो घराकडे वळला, आणि तो घ्यायला मला जागाही होती. माझे पती श्री. देवांग गेल्या काही दिवसांपासून बदलले आहेत. मी अंघोळीला गेले की ते माझ्या शालीच्या झालरीवर वेणी घालून पाहतात आणि ती सोडवायची विसरतात. तुरीच्या डाळीला किती शिट्ट्या, हे त्यांनी सहज म्हणून विचारले, आणि ऐकून फोनमध्ये टिपले. रुहीच्या दातांच्या डॉक्टरची तारीख त्यांना पाठ आहे. याच गृहस्थांनी मागल्या वर्षी सुट्टीच्या दिवशी तिला शाळेत नेले होते, आणि बंद दारासमोर दोघे अर्धा तास शाळा उघडण्याची वाट पाहत बसले होते. असा माणूस सांगितल्याशिवाय सुधारला तर बायकोने काय समजावे? मी तेच समजले, जे सगळे मंडळ समजून बसले होते. आमच्यात भांडण झालेले नाही, हे आठवले. पण ज्यांची घरे मोडली त्यांच्यातही भांडण झालेले कोणी ऐकले नव्हते, हेही आठवले.

७. काल, सोमवारी, मी रत्नाकाकूंचा डबा परत करायला गेले. कार्यक्रमानंतर त्या तोंडल्यांची भाजी ठेवून गेल्या होत्या आणि दारातच "मन मोकळं करावंसं वाटलं तर मी आहे हो," म्हणाल्या होत्या. रिकामा डबा देऊ नये म्हणून त्यात शेव घातली आणि सरळ विचारले, "काकू, आमची नोंद कोणी केली?"

"अगं, ते गोपनीय असतं."

"मग मी बसते इथेच."

विष्णूकाकांची जेवायची वेळ झाली, त्यांनी दोनदा आत डोकावून पाहिले. मी उठले नाही. शेवटी काकूंनी फोन माझ्यापुढे धरला. नोंद दि. २१ ऑक्टोबरची. करणारे देवांग खांबेटे. 'समितीसाठी सूचना' या चौकटीत त्यांनी लिहिले होते :

"आश्लेषाने अजून मला सांगितलेलं नाही. ती नाही म्हणायच्या बेतात आहे. साखळी पूर्ण भरली की तिच्यासमोर ठेवणार आहे, म्हणजे तिला नाही म्हणायला कारण उरणार नाही. तोवर तिला कळू देऊ नका."

यानंतर समितीने यादी माझ्यासह दोनशे घरांना पाठवली. मी हे रागाने लिहीत नाही, फक्त क्रम सांगते.

काकू म्हणाल्या, "प्रीताला आणि चारपाच जणींनाच सांगितलं होतं गं. किती सांभाळलं आम्ही!" म्हणजे चारपाच घरांना लीड्स माहीत होते आणि बाकीच्यांना नुसते 'कौटुंबिक'. मुलांपर्यंत पोचले ते नुसते 'कौटुंबिक'च.

८. काकूंकडून आल्यावर मी समितीचा तो फॉर्म स्वतः भरून पाहिला. कारणाच्या रकान्यात निवडायला चारच पर्याय आहेत : बाळंतपण, शस्त्रक्रिया, दुःखद प्रसंग, कौटुंबिक. एक निवडल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. घरातली बाई आजारी नाही, बाळंत नाही, गेलेली नाही, ती नुसती शिकायला गेली आहे, याची सोय समितीने ठेवलेली नाही. देवांग यांनी त्यातल्या त्यात कमी वाईट निवडले. 'दुःखद प्रसंग' निवडला नाही याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

प्रामाणिकपणे हेही नोंदवते की २० ऑक्टोबरला मी लीड्सला पाठवण्यासाठी नकाराचा मसुदा लिहून ठेवला होता, त्यात मीही 'कौटुंबिक कारणास्तव' असेच लिहिले होते. मला दुसरे काही सुचले नव्हते. खरे कारण, म्हणजे मी नसताना हे दोघे उपाशी राहतील अशी भीती, आणि राहिले नाहीत तर त्याहून मोठी भीती, कुठल्याच रकान्यात बसणारे नाही. तो मसुदा, खाली निवडीच्या मेलसह, स्वयंपाकघरातल्या टॅबवर होता. तो कोणी उघडून वाचला हा प्रश्न समितीपुढचा नाही, तो मी घरी घेईन.

तरी पुढीलप्रमाणे कार्यवाही व्हावी :

अ) कारणांच्या रकान्यात 'शिक्षण' हा पर्याय घालावा, ओळ अकरामध्ये तो लावावा, आणि 'सौ. खांबेटे एका सत्रासाठी लीड्सला शिकायला जात आहेत व जूनमध्ये परत येत आहेत' असे सर्वांना शनिवारी कळवावे. रविवारी पुन्हा मराठी शाळा आहे. त्याआधी हे मोठ्यांना कळले, तरच मुलांना कळेल. शनिवारच्या आत मात्र कळवू नये.

आ) यासाठी अनयला कोणीही रागावू नये. त्याला दोन घरांत मिळून खरोखरच दोन खोल्या आहेत, आणि त्याने रुहीला त्यातली चांगली बाजूच सांगितली.

इ) ती सूचना मी वाचली हे श्री. देवांग यांना कळू देऊ नये. मी गुरुवारी संध्याकाळी त्यांना बातमी नवी असल्यासारखी सांगणार आहे आणि शुक्रवारी होकार पाठवणार आहे. चकित झाल्याचा अभिनय ते कसा करतात, आणि मी नसेन तेव्हा त्यांना खरेच कसे वाटेल याचा काही अंदाज त्यातून लागतो का, हे मला जवळून पाहायचे आहे.

रुहीला मात्र तोवर थांबवता येणार नाही. आज शाळेतून आणतानाच तिला सांगणार आहे की घर एकच आहे, आई शिकायला जाणार आहे आणि परत येणार आहे. ही गोष्ट बाबांपासून गुरुवारपर्यंत लपवायला मी तिला सांगेन. ती लपवू शकेल याची हमी मी देऊ शकत नाही.

आपली नम्र,
(सही)
सौ. आश्लेषा देवांग खांबेटे
कुटुंब सभासद क्र. २१४
कॅरी, दि. ४ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. डिलीट केलेल्या दोन मेसेजचा स्क्रीनशॉट (नावे झाकली आहेत, हवी असल्यास उघडीन).
२. चार पर्यायांच्या फॉर्मची छापील प्रत.
३. निवडीच्या मेलचे पहिले पान, सत्राच्या तारखांसह.
४. देवांग यांच्या सूचनेची प्रत जोडलेली नाही. रत्नाकाकूंनी फोटो काढू दिला नाही. मजकूर पाठ आहे.