आपल्या ओढ्याचा आकडा

हेलसिंकी, बुधवार

प्रिय ताव्हेत,

मी बरी आहे. खोली उबदार आहे, राय धान्याची काळी भाकरी आपल्यासारखीच मिळते. आईचा गुडघा कसा आहे?

आता पुढचं बसून वाच. शेतांतलं खत समुद्रात जातं ते किती कमी करायचं, यावर इथे किनाऱ्यावरच्या सगळ्या देशांची बोलणी चालली आहेत. कुठल्या ओढ्यातून किती खत वाहतं, ते एस्टोनियाचे आकडे मी मांडते. निघताना तू म्हणालास, "ताई, आपल्या ओढ्याचा आकडा तेवढा विसर. डुकरं विकावी लागली तर खायचं काय?" मी विसरले.

सोमवारी पोलंडच्या एका गृहस्थांनी विचारलं, "या तक्त्यात एक ओढा कमी कसा?" मी तोंड उघडायच्या आत लाटव्हियाची द्झिंत्रा म्हणाली, "लेएलोचे आकडे अकरा वर्षं आम्ही डोळे मिटून घेतोय. तुम्हीच नीट मोजा!" सगळे हसले. ते बिचारे ओशाळले. मीही हसले रे. त्याचीच सगळ्यात लाज वाटते.

काल मी उभी राहून खरं सांगितलं, त्या पोलंडच्या गृहस्थांची माफी मागितली. कुणी रागावलं नाही. जेवताना द्झिंत्रा माझ्याच शेजारी बसली, मिठाची वाटी सरकवली आणि हळूच म्हणाली, "यापुढे तुझे आकडे मी तपासून घेईन हं."

आपल्याकडे तपासणीला माणसं येतील. डुकरांच्या शेणखड्ड्याची ओढ्याकडे फुटलेली भिंत झाकू नकोस. तू फक्त विचारलंस, केलं मी.

बाबांना मीच येऊन सांगेन. तोवर ते शेजाऱ्यांपुढे माझं कौतुक करू लागले, तर विषय बदल.

तुझी ताई,
लेएलो