दोघा भावांचा साचा

फिलाडेल्फिया, ३ फेब्रुवारी १८७३
आज वैद्यकीय महाविद्यालयात मृतदेहांचे प्लास्टरचे साचे घेण्याच्या कामावर रुजू झालो. चाळीस वर्षं लोकांच्या छतांना प्लास्टरची फुलं घातली. आता गुडघे शिडी चढू देत नाहीत. इथे शेगडी आहे, खिडकीत ऊन येतं. पहारेकरी गॅफनी म्हणाला, आजोबा, चैन आहे तुमची, इथलं गिऱ्हाईक साचा घेताना हलत नाही.

५ फेब्रुवारी
एनॉक आणि सायलस यांना आणलं. साठीचे भाऊ, जन्मापासून छातीशी तळहाताएवढ्या मांसाच्या पट्ट्याने जोडलेले, एकाच दिवशी गेलेले. बहीण तबिथाची अट एकच: तपासा, पण जोड कापू नका, पुरायचं एकाच पेटीत. डॉक्टर व्हीलॉक 'बरं, बाई' म्हणून निघून गेले. मग तिने माझा हात धरला. तुम्ही वडीलधारे दिसता, तुम्ही शब्द द्या. दिला.

७ फेब्रुवारी
ओतलेला पुतळा नेमका जोडावर तडकला. तीनदा. तार घातली, प्लास्टर दोनदा चाळलं, तरी तेच. डॉक्टर म्हणतात, म्हातारबा, तुम्हाला छतच बरं होतं. मला काय हौस आहे?

८ फेब्रुवारी
डॉक्टरांचा धीर सुटला. म्हणाले, वेगळे करू, दोन साचे घ्या. मी अटीची आठवण दिली. त्यावर म्हणाले, पेटी खिळे ठोकून देणार, बहीण काय आत शिरून बघणार आहे? खांदे धरा. नोकरी जाईल म्हणून धरले, त्यांनी जोड कापला. माझाच मला राग येतो.

१० फेब्रुवारी
दोन पुतळे दोन फळ्यांवर ठेवले होते. सकाळी एकाच फळीवर, जोडलेले. बोलणी मला. करवतीने कापले. प्लास्टर घट्ट होताना तापतं, तासाभरात गार पडतं. हा भुसा गरमच.

११ फेब्रुवारी
तबिथा पेटी न्यायला आली. एकत्रच आहेत ना, विचारलं. पेटीवर डावा हात ठेवून मी हो म्हटलं.

१२ फेब्रुवारी
पुन्हा जुळले. कापले. जेवून येईतो पुन्हा — डॉक्टर म्हणतात, उद्या वेगळे दिसले नाहीत तर घरी बसा.

१३ फेब्रुवारी
जुळू नयेत म्हणून मधे डावा हात घालून बसलो. डुलकी लागली. आता हात निघत नाही. मनगटापर्यंत प्लास्टर — मी कालवलंच नव्हतं. आत गरम. ठोके पडतात. माझा धरून तीन —

गॅफनी करवत घेऊन आलाय. विचारतो, आजोबा, कुठून कापू? पट्ट्यावर बोट ठेवतोय — नको म्हटलं, जोड कापायचा नाही, मी शब्द दि