१९० फुटांची नोंद

१० मार्च १९८६, सोमवार
कड्याजवळच्या माळावर दुपारी पोहोचलो. मन प्रसन्न आहे. पाणीपुरवठा सहकारी सोसायटीने मला बोअरच्या गाडीवर नोंदी ठेवायला घेतले. पत्र्याची खोली, टेबल आणि कोरी नोंदवही मिळाली. दर दहा फुटांना वर आलेल्या चुऱ्याचा एक ढीग मांडायचा. रंग, कण, ओल लिहायची. ढीग गाडीपासून माझ्या दाराकडे, एका ओळीत, दोन-दोन हातांवर.

भूगर्भ अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात गणिताने माझा घात केला. बरोबरचे कोणी धरणावर, कोणी कोळशाच्या खाणीत लागले. सर म्हणाले, प्रत्यक्ष कामाचा दाखला आण, नोंदवही आण, तीत खाडाखोड नको. पुन्हा बसवून घेतो. दाखला सोसायटीचे चेअरमन माणिकराव देणार.

मशीनवरचा बन्सी थट्टेखोर आहे. म्हणाला, मास्तर, दगडाचं प्रगतिपुस्तक लिवता व्हय? एखाद्याला पास तरी करा!

१९ मार्च, बुधवार
पहिले बोअर २५० फुटांवर सोडले. कोरडे. जागा पाणाड्याने तळहातावर नारळ फिरवून ठरवली होती. मी खडकाच्या भेगांचा नकाशा दाखवला तर माणिकराव म्हणाले, घडी घालून ठेवा, वारा घ्यायला होईल.

बन्सीच्या जुन्या वहीत पाण्याच्या प्रत्येक नोंदीला नुसते ‘लागल’ लिहिले आहे. अनुस्वारही नाही. मी शुद्ध रूप सांगितले. तो म्हणाला, पानी शुद्ध अन् अशुद्ध सारखंच लागतंय.

२७ मार्च, गुरुवार
दुसरेही २५० फुटांवर कोरडे. माणिकराव सगळ्यांसमोर म्हणाले, कॉलेजात दगडच दाखवले का तुम्हाला? आधी पाणी दाखवा, मग दाखला मागा. जागा मी निवडली नाही, मशीन मी चालवत नाही. तरी नापास मीच. राग गिळून ढीग मोजले. पंचवीस. बरोबर.

१ एप्रिल, मंगळवार
तिसरे बोअर १८० फुटांवर आहे. दुपारी जेवणानंतर सगळे गाडीखाली सावलीला पडले होते. मी ढीग मोजले. एकोणीस. तीनदा मोजले. एकोणिसावा ओला होता, मुठीत दाबला तर पाणी निथळले. बन्सीने मला न सांगता दहा फूट जास्त मारले असणार, या समजुतीने मी लगेच वहीत लिहिले: ‘१९० फूट — लागले.’ बन्सीच्या वहीसारखेच, नुसते. तेवढ्यात माणिकराव आले, वाचले, माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, दाखला सोमवारी.

मग बन्सी उठला. म्हणाला, एकशेऐंशीच झालेत, मास्तर. तुमी काय लिवलं?

२ एप्रिल, बुधवार
१९० फूट मारले. कोरडी पिठी; ती एकोणिसाव्या ढिगावरच टाकली. मग हातोडा आत अडकला. बन्सी आणि गडी सुट्या भागासाठी नगरला गेले. मशीन बंद आहे.

दुपारी ओळीत विसावा ढीग होता. नोंद: करडा, बारीक, ओला, हाताला कोमट.

३ एप्रिल, गुरुवार
रोज पिण्याचे पाणी आणणारी भामाबाई आली. नोंद बन्सीने तिला वाचून दाखवली होती. घागर न उतरवताच म्हणाली, लेकरा, नुसतं ‘लागलं’ का म्हून लिवलंस? काय लागलं? कोनाला लागलं? आमच्यात नुसतं लागलं म्हटलं की मानूस अंगाऱ्याला पळतंय. ‘पानी’ लिव आधी.

पण शब्द घुसडला तर खाडाखोड होते. सोमवारपर्यंत वही स्वच्छ हवी. दोन वर्षे अशा वहीसाठी थांबलो—

भामाबाई ढिगांच्या ओळीला वळसा घालून गेली.

४ एप्रिल, शुक्रवार
एकविसावा. नोंद: पांढरट, चपटे, अर्धगोल कण. शिंपले समजलो.
हात धुताना पाहिले. डाव्या हाताच्या दोन बोटांना नखे नाहीत. रक्त नाही. दुखत नाही.

५ एप्रिल, शनिवार
बाविसावा दारापाशी. पिवळसर, कठीण, मुळाशी टोकदार. चार.
जीभ फिरवली. चार जागा रिकाम्या.
कड्याकडे चालत निघालो. वही खोलीत राहिली म्हणून अर्ध्या वाटेवरून परत— मूर्ख. मूर्ख.

६ एप्रिल, रविवार, दुपार
दाखला नको. खाडाखोड होऊ दे. ‘पाणी’ लिहायला वही उघडली.
जागा रिकामी नाही. ‘लागले’च्या आधी माझे नाव आहे. गहिनीनाथ. माझ्याच अक्षरात. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर.
खोडतो आहे. शाई कागदाला धरत नाही—

उंबऱ्याच्या आत तेविसावा.
२३० फूट: लालसर, मऊ, ओला. अजून हलतो. कण नाहीत, सलग. मधोमध काळे, गोल, माझ्याकडेच पाह—
उजव्या डोळ्याने आता