चौदावं नाव

महाड,
११ मे २०२५

चि. दर्शना हिस,
किशोरदादाचे अनेक आशीर्वाद.

आधी एक गंभीर तक्रार नोंदवतो. माझ्या चष्म्याची डावी दांडी मोडली आहे आणि चष्मेवाला भाचीच्या लग्नाला गेला आहे. एका हाताने चष्मा धरून दुसऱ्याने लिहितोय. सरकारने दखल घ्यावी.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. शिमग्यापासून मी तुझ्या आईच्या दारात पाऊल ठेवलं नाही, तेव्हा बरोबरच करतेस.

तुझी आई, आमची रखमाकाकू, खुटखुटीत आहे. बांधाचा वाद गावकीत न नेता कोर्टात नेला म्हणून शिमग्यापासून वाळीत आहे, हे तुला ठाऊकच. पालखी तिच्या दारावरून तशीच पुढे गेली. गिरणीवाला तिचं दळण घेत नाही, रिक्षावाला थांबत नाही.

सध्या मी हजार वर्षांपूर्वीच्या आइसलँडबद्दल वाचतोय. (हसू नकोस, वाचनालयात भाषण द्यायचंय.) तिथे राजा नाही, पोलीस नाहीत. शेतकऱ्याने एक सरदार धरायचा. संकटात सरदार माणसं घेऊन यायचा, सभेत शेतकरी त्याच्या बाजूला बसायचा. बहिष्कृताला कोणी जेवू घालायचं नाही, होडीत घ्यायचं नाही. वाचताना वाटलं, हे तर आपलं तुडील गावच, फक्त थंडी जास्त.

माझे सरदार म्हणजे गावकीचे अध्यक्ष मालोजीआबा. तीन वर्षांपूर्वी माझ्या एका लेखावरून चौघे दांडके घेऊन दारात आले, तेव्हा आबा तुडीलहून वीस जण घेऊन धावले. "आमच्या पोराला हात लावून दाखवा!" सत्तेचाळीस वर्षांचं पोर दाराआड उभं होतं.

शिमग्याच्या बैठकीला मीही होतो. हे तुला सांगितलं नव्हतं. रखमाकाकूला वाळीत टाका म्हणणाऱ्यांनी हात वर करा, आबा म्हणाले. मी केला.

त्या बेटावर एक सोय होती. सरदार नकोसा झाला तर साक्षीदारांसमोर, तोंडावर सांगून त्याला सोडता यायचं. काल पारावर पाच-सहा जण बसले होते. मी म्हटलं, "आबा, आजपासून मी तुमच्या बाजूचा नाय."

"आनि पुन्ना दांडकी आली म्हंजे?"

"खाईन."

"शिकून येडा झाला ह्यो," आबा बाकीच्यांना म्हणाले आणि तंबाखू मळू लागले.

मग काकूला स्कूटरवर बसवून पोलीस ठाण्यात नेलं. वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे. फिर्याद ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. तेरा नावांवर ती थांबली.

"अजून एक राहिलं, काकू."

"तू आनलंस ना रे मला हितं? ऱ्हाऊ दे."

"हात वर केला होता मी."

"बघितला व्हता. दारातच व्हते मी."

चौदावं नाव मी लिहिलं, आडनावासकट. तिने अंगठा उठवला. घरी सोडल्यावर तिने चहा केला, मी प्यायलो.

तारीख पडली की कळवेन. तू ये. काकूला कोणीतरी सोबत लागेल, आणि मी त्या दिवशी समोरच्या बाजूला असेन.

तुझा दादा म्हणवून घ्यायला अजून धजणारा,
किशोर