‘टॉर्मेंट’चा अर्थ आणि डिंकाचा लाडू

सोलापूर, मंगळवार

ती. सौ. अक्कास,

शरणु शरणार्थी. तुझी कंबर कशी आहे? दाजींची ढास थांबली का? (तू फोन उचलत नाहीस आणि तुझ्यासमोर उचलायचं दाजींना धाडस होत नाही, म्हणून हे पत्र मंगळवेढ्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतोय. तुझे लाडवाचे डबे तोच आणायचा. यावेळी तो रिकाम्या हाताने आला आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की चूक माझीच वाटली.)

तर तो शब्द. आपल्या अमरेशच्या श्रीदेवीने मैत्रिणीला लिहायचा मजकूर चुकून आपल्या घरच्या ग्रुपवर टाकला, की अक्का मला लाडवांनी टॉर्मेंट करतायत. तू शेजारच्या इंग्रजीच्या मास्तरांना अर्थ विचारलास. ते म्हणाले, यातना देणे, छळणे. त्यावर तुझा निरोप आला, “छळणाऱ्या बाईनं लेकराच्या कानात नाव सांगू न्हाय. बारसं तुमचं तुमी करा.” अक्का, बारसं रविवारी आहे आणि बाळाला आत्या एकच आहे.

मी रीतसर चौकशी केली. शब्दकोशात मास्तरांचाच अर्थ निघाला, हे लपवणं मला जमणार नाही. पण शब्द कोशात एक असतो आणि माणसांच्या तोंडी दुसरा, असं मला वाटतं. आमच्या ऑफिसातला मृत्युंजय कूलरच्या आवाजालाही टॉर्मेंट म्हणतो. आमच्या हिला विचारलं, तर म्हणाली, “तुम्ही रोज जेवताना डायरी वाचून दाखवता की, त्याला काय म्हणतात?” (हे मी डायरीत लिहिलं. मग ते वाचून दाखवावं की नाही, यावर बराच विचार केला.)

शेवटी वाटलं, अनुभवाशिवाय मत देणं बरं नव्हे. म्हणून एक दिवस बाळंतिणीचं ताट मी जेवलो. तुपात बुडालेली बाजरीची भाकरी, शेपू, आळिवाची खीर आणि तुझे दोन लाडू. दुसऱ्या लाडवाला पट्टा सैल केला. पानाचा विडा आला तेव्हा मी आडवा होतो. प्रामाणिकपणे सांगायचं, तर शब्द निम्मा बरोबर आहे. पण मला तुझ्यासारखं रोज व्हिडिओ कॉलवर “तोंड उघड बघू, गिळलास का गालात ठिवलास?” असं विचारणारं कोणी नव्हतं, त्यामुळे उरलेल्या निम्म्याबद्दल मी बोलू शकत नाही.

मात्र एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली ती सांगतो. काल दुपारी श्रीदेवीने ताट घेतलं, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि ताट त्याच्यासमोर तिरकं धरलं. पलीकडे कोणी नव्हतं. मग तिने फोन पालथा घातला आणि कसंबसं जेवली. लाडू तसाच राहिला. तिला माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण आपल्याकडे झालं. तिला तोंड उघडायला लावणारं माणूस तुझ्याशिवाय दुसरं कोणी नाही. त्यामुळे तो शब्द तिने लाडाने, अगदी सौम्य अर्थाने वापरला असणार, अशी माझी पक्की खात्री झाली आहे.

दाजींना नमस्कार.

तुझा भाऊ,
गुरुशांत

ता. क. बाळाचं नाव अजून ठरलेलं नाही. अमरेश म्हणतो, बायकोचं आणि बहिणीचं पटेपर्यंत बाप म्हणून मी गप्प बसतो. शिवाय नाव सांगताना आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे म्हणून गल्लीतल्या बायका आत्तापासून बांगड्या मागे सारून बसल्यात. तू आली नाहीस तर आत्याच्या जागी मला बसवायचं घाटतंय. माझी पाठ तुला माहीत आहे. तू ये.

ता. क. २. पत्र पाकिटात घालण्याआधी श्रीदेवीला वाचून दाखवलं. (तिच्याविषयी लिहिलेलं तिच्या माघारी पाठवणं मनाला पटेना.) तिने माझ्या हातातून पेन घेतलं. पुढचं तिचं आहे:

अक्का, भावोजींचं ऐकू नका. मला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता आणि तोच म्हणायचा होता. तुम्ही छळताच. दोन दिवस कोणी छळलं नाही, तर घास उतरेना. रविवारी या, येताना डबा भरून आणा. पहिला बुक्का माझा.