पाचव्या टोपलीजवळची डबल बेल

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. वाकून केला असं समज, कारण माझी कंबर सध्या अर्ध्या वाटेतच थांबते. वहिनीचा खोकला गेला का? मीठ कमी केलंय असं तू लिहितोस आणि अजिबात केलेलं नाही असं वहिनी लिहिते. मी तिचं खरं धरते. आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणजे ठीक नव्हतं, काल झालं, आणि ते कधी एकदा तुला सांगते असं मला झालंय. चष्मा लाव, बस, आणि मध्ये उठू नकोस.

यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं ते तुला ठाऊकच आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज चाला, नाहीतर पाय आखडेल आणि मग कायमची खुर्ची. आता चालायचं कुठे? आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता म्हणजे नुसता चढ, त्यात ट्रकची वर्दळ. सपाट वाट एकच, मागच्या बागेत झुडपांच्या कुंपणाला लागून जाणारी. सकाळी तिथे आमचा सगळा जुना डेपो भेटतो, निवृत्त ड्रायव्हर आणि निवृत्त कंडक्टर (वळणावर हात दाखवल्याशिवाय अजूनही कोणी वळत नाही, बघायला ये एकदा). हेही जुने ड्रायव्हर, काठी टेकत त्यांच्यात चालायला लागले. भूक लागायला लागली, माझ्या भाजीला नावं ठेवायला लागले. मी मनात म्हटलं, चला, गाडी सुरू झाली.

आणि नेमका त्याच बागेत डिस्क गोल्फ आला. तुला कल्पना नसेल म्हणून सांगते. लोखंडी खांबाला साखळ्या टांगलेल्या, त्याखाली टोपली, आणि लांबून तबकडी भिरकावून ती त्या टोपलीत घालायची. मुलांच्या खेळण्यातली हलकी तबकडी नव्हे हं. ही जड, धारेला पातळ, आणि लागली की माणूस घरचा पत्ता विसरेल अशी. खेळ चांगला आहे, माझं काही म्हणणं नाही. पण पाचवी टोपली कुंपणाच्या अलीकडे आणि फेकणारे पलीकडे. त्यांना आम्ही दिसत नाही, आम्हाला ते दिसत नाहीत, आणि मधून आमची वाट जाते. हे ज्याने कागदावर आखलं त्याने ती बाग पाहिली होती का, हे मला एकदा त्याला समोर बसवून विचारायचं आहे. बरं, तबकडी भरकटली की ते ओरडतात. ओरडलं की आम्ही सगळे काय झालं म्हणून तिकडेच तोंड करतो. म्हणजे पाठीत बसायची ती नाकावर.

एका सकाळी यांची टोपी गेली. डोकं वाचलं, टोपी तबकडीबरोबर थेट टोपलीत. फेकणारी होती दातांची डॉक्टरीण, तीच त्या खेळाडूंची म्होरकी. बिचारी धावत आली, हात जोडले, घाबरून यांना आ करायला लावून दातही तपासले (डोक्याला काही झालंय का ते कोणी तपासलं नाही). पण यांनी जी धास्ती घेतली ती घेतलीच. दुसऱ्या दिवसापासून बागेत यायचे ते बाकावर बसायचे आणि काठी गुडघ्यांत धरून साखळ्यांकडे बघत राहायचे. पाय घट्ट व्हायला लागला. मी रागावले, विनवण्या केल्या, एकदा रडलेसुद्धा. हे ढिम्म. दादा, मला खरंच भीती वाटायला लागली होती.

मग मी ठरवलं की या वाटेला शिस्त लावायची. मी कंडक्टरकीतून निवृत्त झाले तेव्हा डेपोने भंगारात निघालेल्या गाडीची घंटी मला आठवण म्हणून दिली होती, दोरीसकट. ती कुंपणाच्या कोपऱ्यावर झाडाला बांधली. तिथून दोन्ही बाजू दिसतात. नियम मी डॉक्टरणीला समजावला: एक बेल, थांबा, डबल बेल, फेका. ती तर खूशच झाली. आमच्या मंडळींनाही समजावलं की डबल झाली की तबकडी येणार, जागचं हलायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. काल बागेचे अधीक्षक मुद्दाम पाहायला आले होते. मी कडक साडी नेसले होते, आणि सांगायला लाज कशाला, दोरीला हात लावल्यावर माझ्या अंगावर काटा आला.

वाट रिकामी पाहिली, आमची मंडळी कडेला उभी पाहिली, आणि झोकात डबल दिली. कुंपणापलीकडून तबकडी सुटली. आणि अलीकडून, दादा, आख्खा डेपो सुटला. ज्यांनी जन्मभर डबलवर गाडी काढली त्यांच्या पायांना कसला आलाय नवा नियम? माना डोलावल्या होत्या त्या डोक्यांनी, पायांना कोणी विचारलंच नव्हतं. आणि त्या घोळक्यात सगळ्यांत पुढे हे. बाकावरून उठून, काठी तिथेच टाकून, सरळ, ताठ, भरभर चालत निघालेले. मला इतका आनंद झाला की तबकडीचं भानच राहिलं नाही. मग ती दिसली. मी दोरीला लोंबकळून एक बेल मारली. सगळे जागच्या जागी, कोणाचा पाय वर तर वरच. तबकडी यांच्या नाकासमोरून सूं करत गेली आणि झुडपात शिरली. हे मागे वळून मला शांतपणे विचारतात, "काय गं, कोणी उतरायचं राहिलं का?"

मी तिथेच मटकन बसले आणि हसत हसत रडले. डॉक्टरीणही रडत होती. अधीक्षक तेवढे कोरडे. ते म्हणाले, घंटी आधी काढा, आणि चालायची वाट पुढच्या महिन्यापासून बंद.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
अजून ड्युटीवर असलेली धाकटी

ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहिते. ते अधीक्षक तुझ्याच हाताखाली शिकलेत असं कळलं. त्यांना एक फोन कर. वाट बंद नको, पाचवी टोपली पलीकडच्या उतारावर हलवा म्हणावं, तिथे कोणी चालत नाही. डॉक्टरीणही तेच म्हणते, उतारावर खेळायला जास्त मजा येईल म्हणे. वाट बंद झाली तर यांनी चालायचं कुठे?

ता. क. २. टोपली हलली की घंटीची गरज उरणार नाही असं ते म्हणतील. ऐकू नकोस. हे माझ्या बेलवरच उठतात. घंटी राहिलीच पाहिजे, हे ठासून सांग.

ता. क. ३. पाकीट चिकटवायला घेतलं तर घरात शांतता. खिडकीतून पाहिलं, तर हे एकटेच बागेच्या फाटकातून आत शिरतायत. काठी कोपऱ्यात, बेल नाही, मला हाकसुद्धा नाही. घंटीचं राहू दे. वाटेचं तेवढं पत्र मिळताच बोल.