प्रौढांना शिक्षा

बालाघाट,
गुरुवार, २ जानेवारी १९६४

प्रिय ताई,

मागच्या पत्रात मी तुला एक धडधडीत चूक लिहिली, ती आधी खोडून टाक. आमच्या समोरच्या पत्र्याच्या खोलीत मोठ्या माणसांना शिक्षा देतात, असं मी लिहिलं होतं. तसं नाही. पाटीवर ‘प्रौढ शिक्षा केंद्र’ असं आहे, आणि हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मी ती पाटी आपल्या मराठीने वाचली. शेजारच्या दुर्गाबाई रोज दिवेलागणीला मान खाली घालून, पदराखाली काहीतरी लपवून तिथे जायच्या आणि तासाभराने गुडघे चोळत बाहेर यायच्या. मग मला दुसरं काय वाटणार? शेवटी धीर करून विचारलं, मावशी, तुम्ही असं केलंत तरी काय? त्या ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. “अवो पोरी, मले कोन मारून राह्यलं तिथं? लिवाची पाटी हाय हे! नातू पाहून हासते, म्हून लपवा लागते.” दुसऱ्या दिवशी विहिरीवर सगळ्या बायकांना कळलेलं. आता मी दिसले की विचारतात, “काहून वो नागपूरवाली, आज कोनाले शिक्षा?”

बाकी घराचं लिहिलं ते बहुतेक खरं आहे. विहीर वीस पावलांवर म्हटलं होतं, ती मोजली तर एकतीस भरली. नागपूरच्या एका खोलीत सासू-सासरे, दीर आणि आम्ही होतो. इथे गावाबाहेर, वारासिवनीच्या रस्त्यावर, आमच्या दोघांच्या दोन खोल्या, आणि दाराला आतून कडी. पहिल्या दिवशी यांनी ती कडी तीनदा लावून उघडून पाहिली. मग म्हणाले, आता कुणापासून काही लपवायला नको. ते हसून म्हणाले, आणि मला ते तेव्हापासून टोचतं आहे.

तुला आठवतं ना, आई-बाबा गिरणीत गेले की मी धाकट्या वसंताला सांभाळायची, आणि तू शाळेतून आलीस की पाळण्याची दोरी माझ्या हातात तशीच राहू देऊन मला पाढे शिकवायचीस? अजूनही सातचा पाढा म्हणताना माझा हात हलतो. अक्षर तर तुझंच आहे. मला पाहायला आले तेव्हा यांच्या मामांनी नाव लिहायला सांगितलं आणि ते अक्षर पाहून पुढे काही विचारलंच नाही. बाबा म्हणाले, पोरगी सातवी पास आहे, आणि ट्रंकेतलं तुझं सर्टिफिकेट पुढे केलं. घडीवर कागद झिजून नावातलं ‘कु. स’ एवढंच उरलेलं. बाबा तसं खोटंही बोलले नाहीत. त्यांची एक पोरगी सातवी पास होतीच, ती आतल्या खोलीत आपल्या बाळाला पाजत होती. गप्प बसले होते ती मी.

आता वस्तीत बालमंदिर निघतंय. त्यांना सातवी पास बाई हवी आहे. यांनी माझा अर्ज स्वतः भरला, सर्टिफिकेटच्या नंबराचा रकाना तेवढा कोरा ठेवला, आणि आपल्या खाणीच्या ऑफिसात सगळ्यांना सांगून आले की आमच्या घरी मास्तरीण आहे. सोमवारी ते अर्ज देणार. रोज विचारतात, नागपूरहून सर्टिफिकेट आलं का? तुझं पाकीट परवाच आलं. कोणी ओळखणार नाही सीते, तुझी-माझी रास एकच, असं तू लिहिलंस. तू मायेनेच पाठवलंस, हे मला कळतं. पण काल यांनी पुन्हा विचारलं तेव्हा मी म्हटलं, अजून नाही आलं. लग्नाच्या वेळी मी नुसती गप्प होते, ताई. हे मात्र मी माझ्या तोंडाने बोललेलं पहिलं खोटं.

म्हणून तुझं सर्टिफिकेट या पत्रासोबत परत पाठवते आहे. ते घरात राहिलं तर सोमवारपर्यंत माझा धीर टिकेल याची मला खात्री नाही, तेव्हा पाकीट आजच डाकेत टाकते. बाबांना आधी काही कळवू नकोस. दोष मी त्यांच्यावर ढकलणार नाही. हे रागावतील. कदाचित बरेच दिवस बोलणार नाहीत, आणि घरात माणसं दोनच. तरी सांगणार. समोरच्या वर्गाच्या टिकाराम मास्तरांना विचारलं, तर पाचवीच्या परीक्षेला बाहेरून बसता येतं म्हणाले. दुर्गाबाईंनी आपल्या शेजारची जागा धरून ठेवली आहे, “पन गुडघे दुखतीन बरं, मंग म्हनू नको.” यांना सुट्टी एकच दिवस असते. आंघोळ करून चहाला बसले की तो कोरा राहिलेला रकाना दाखवीन आणि पहिल्यापासून सगळं सांगेन. रविवारी, ५ जानेवारीला.

तुझीच पहिली विद्यार्थिनी,
सीता